वळचणीचं पाणी आढ्याला

अशक्य गोष्टीसाठी मराठीत एक जुना वाक्प्रचार आहे: वळचणीचं पाणी आढ्याला जाणं. वळचण म्हणजे छपराची खालची कड, आढं म्हणजे वरचा कणा. पाणी आढ्यावरून वळचणीला येतं, उलट जात नाही, एवढ्या साध्या भरवशावर हा वाक्प्रचार शेकडो वर्षं उभा आहे. ज्याने तो पहिल्यांदा उच्चारला तो माणूस एकतर देशावरचा असावा, नाहीतर कोकणातला असून त्याच्या डोक्यावर चांगलं उभट, नळ्यांचं छप्पर असावं. कारण आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात जुलै महिन्यात, नैर्ऋत्येकडून वारा सुटलेला असताना, आठ-दहा अंशांच्या उताराची कुठलीही पत्र्याची शेड पाहावी. पाणी वाऱ्याच्या धक्क्याने पत्र्याच्या पन्हळीतून मागे रेटलं जातं, दोन पत्र्यांच्या सहा इंची जोडाखाली शिरतं, आढ्याच्या टोपीखाली पोचतं आणि तिथून थेट म्हशीच्या पाठीवर उतरतं. पूर्वजांनी जे अशक्य कोटीतलं मानलं ते फॅब्रिकेशनवाल्याने चौरस फुटाच्या दराने, मजुरीसकट, करून दाखवलं आहे. मराठी शब्दकोशाच्या पुढच्या आवृत्तीत या वाक्प्रचारापुढे ‘रत्नागिरी जिल्हा वगळून’ अशी टीप टाकायला हरकत नाही.

‘शेड’ हा शब्दच मुळात संशयास्पद आहे. पूर्वी गुरांना गोठा होता, लाकूडफाट्याला आणि पेंढ्याला मांगर होता, राखणदाराला खोपी होती, लग्नाला मांडव होता आणि ज्याचं कुठेच जमत नाही अशा सगळ्या वस्तूंना आणि माणसांना पडवी होती. प्रत्येकाची उंची वेगळी, उतार वेगळा, तोंड वेगळ्या दिशेला. आता गोठ्याची शेड असते, हापूसच्या पेट्या भरायची शेड असते, काजूची शेड असते, मुंबईहून वर्षातून दोनदा येणाऱ्या मोटारीची शेड असते आणि ती मोटार ज्यांची, त्या चाकरमान्यांसाठी गणपतीत अंगणावर घातलेलीही शेडच असते. नाव एक झालं तसा नकाशाही एक झाला: चार-सहा लोखंडी पाइप, वर कैच्या, त्यावर पत्रा. गाय, गाडी आणि गणपतीची पाहुणेमंडळी यांच्या गरजा सारख्याच आहेत असं मानणारं हे शास्त्र आहे. माझं म्हणणं एवढंच, की छप्पर हे पिकासारखं असतं. ते त्या त्या मातीत आणि त्या त्या पावसात रुजावं लागतं. भाताच्या बाबतीत हे सगळ्यांना पटतं. कोकणची हवा आणि माती निराळी म्हणून तर १९७२ साली दापोलीला वेगळं कृषी विद्यापीठ आलं; भाताची वाणं वेगळी निघाली; कोकण कन्याळ नावाची शेळी आणि कोकण कपिला नावाची गाय, अशा इथल्या जनावरांच्या जातींना स्वतंत्र ओळख मिळाली. म्हणजे डोंगरउतारावर चरणाऱ्या त्या बुटक्या, काटक गाईला स्वतःची जात आहे, नोंद आहे, प्रादेशिक अस्मिता आहे. तिच्या डोक्यावरचं छप्पर मात्र कुठलंच नाही.

पुरावा हवा असेल तर सरकारी अंदाजपत्रक पाहावं. अंदाजपत्रक हा मराठी गद्यातला सर्वांत निःसंशय प्रकार आहे; त्यात ‘कदाचित’ हा शब्द कधी येत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य शासनाने शरद पवार ग्रामसमृद्धी योजना आणली. रोजगार हमीतून गाई-म्हशींसाठी पक्का गोठा देणारी ही योजना. हेतू चांगला, आणि चिखलात उभ्या असलेल्या जनावराला पक्की जमीन मिळणं याची थट्टा करण्याचं काहीच कारण नाही. दोन ते सहा जनावरांना एक गोठा, खर्च ७७,१८८ रुपये. लांबी ७.७ मीटर, रुंदी ३.५ मीटर, क्षेत्रफळ २६.९५ चौरस मीटर. २५० लिटरची मूत्रसंचय टाकी, २०० लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी. जनावरं सहाहून जास्त असतील तर दुप्पट, आणखी वाढली तर तिप्पट. दशांशचिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत अचूक असलेलं हे माप सोलापूरच्या गाईला आणि राजापूरच्या गाईला सारखंच लागू आहे. सोलापुरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरी जिल्ह्यात तो तीन हजारांच्या बराच वर जातो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. ३,३०० मिलिमीटर धरले तर २६.९५ चौरस मीटरच्या छपरावर एका पावसाळ्यात जवळजवळ एकोणनव्वद हजार लिटर पाणी उतरतं. आता ती २५० लिटरची मूत्रसंचय टाकी आठवा. पन्हळ लावायची राहिली, किंवा लावली आणि टाकीच्या बाजूला उतरवली, तर अवघ्या सव्वानऊ मिलिमीटर पावसात टाकी काठोकाठ भरते. सव्वानऊ मिलिमीटर म्हणजे रत्नागिरीत पाऊस म्हणत नाहीत. ‘आता उघडलंय’ म्हणतात. जूनच्या पहिल्या आठवड्यातच त्या टाकीत एवढं शुद्ध गोमूत्र जमतं की पुढे चार महिने त्यात गाईचा सहभाग नाममात्र उरतो.

पण पाऊस हा खरा पाहुणा नव्हेच. तो कुणाच्या तरी खांद्यावर बसून येतो. तो खांदा वाऱ्याचा. देशावर छप्पर बांधणाऱ्याची काळजी एकच असते, की छप्पर खाली पडू नये. कोकणात छप्पर वर जाऊ नये ही काळजी. हा फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण त्याने सगळं गणित उलटं होतं. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तेव्हा वारे ताशी १२० किलोमीटरपर्यंत गेले होते, आणि दापोली-मंडणगड तालुक्यांनी ते अंगावर घेतले. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ६८ किलोचा रेटा येतो. हिशेब सोपा ठेवून तेवढीच ओढ छपराला वरच्या दिशेने बसते असं धरू. दहा फूट लांब, तीन फूट रुंद पत्र्याचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर; त्याचं स्वतःचं वजन बारा-तेरा किलो; आणि त्याला आकाशाकडे बोलावणारी ओढ एकशे नव्वद किलोंची. तीन बाजूंनी उघड्या शेडमध्ये तर वारा वरून ओढतो आणि आत शिरून खालून ढकलतोही. असं दोन्हीकडून प्रोत्साहन मिळाल्यावर कोण जागेवर बसेल? पत्राही शेवटी माणसांतच वाढलेला असतो.

यावर लोकांनी काढलेला उपाय सर्वांना दिसतो: पत्र्यावर दगड ठेवणे. जांभ्याचे चिरे, जुने टायर, वाळूची पोती, निकामी जातं, एखादी मोडकी सायकल. काही शेडांच्या छपरावर इतका संसार असतो की खाली गोठा आहे की वर, ते चटकन कळत नाही. एक चिरा तीस-पस्तीस किलोंचा धरला तर वर सांगितलेल्या एका पत्र्याला सहा चिरे लागतील. सत्तावीस चौरस मीटरच्या गोठ्यावर साठ. तेवढे चिरे वर चढवायचे तर खाली कैच्या तशा हव्यात. आणि तशा कैच्या करायची ऐपत असलेला माणूस चिऱ्यांऐवजी स्क्रूच घेईल. शिवाय पत्रा एकदा थरथरू लागला की दगड सरकत सरकत कडेला येतो आणि खाली कोण उभं आहे याची चौकशी न करता पडतो. वाऱ्यापासून वाचवलेली म्हैस दगडाखाली सापडावी, हे काही अभियांत्रिकीचं यश म्हणता येणार नाही. वजन हवंच असेल तर ते छपराच्या डोक्यावर नको, पायाशी हवं. सहा खांबांच्या गोठ्यात सगळ्या छपराची मिळून होणारी अठराशे किलोंची ओढ वाटून घेतली तर प्रत्येक खांबाला तीनशे किलो येते. अर्धा मीटर लांब, अर्धा रुंद, अर्धा खोल असा काँक्रीटचा ठोकळा साधारण तेवढ्या वजनाचा होतो. पत्रा कैचीला, कैची खांबाला, खांब या ठोकळ्याला, अशी साखळी कुठेही न तुटता खाली गेली पाहिजे. नाकापेक्षा मोती जड झाला तर चारचौघांत शोभत नाही. शेडमध्ये मात्र छपरापेक्षा पाया जड नसेल तर छप्पर दुसऱ्याच गावात शोभतं.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारे बहुधा डोंबिवलीत किंवा ठाण्यात राहतात. ते म्हणतात, ही सगळी पत्र्याची पापं. आपलं जुनं कौलारूच बरं होतं. सुट्टीत येऊन चार दिवस कौलांखाली झोपणाऱ्याला असं वाटणं साहजिक आहे; शाकारणी मे महिन्याच्या शेवटी असते आणि त्यांची रजा विसाव्या तारखेला संपते. कौलांची बाजू मात्र खरोखरच जबर आहे. मंगलोरी कौल हेसुद्धा काही सनातन नव्हे. बासेल मिशनच्या जर्मन मंडळींनी १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनची ही गोष्ट, त्याआधी कुंभाराचे नळे आणि गवत. कौलाचं छप्पर चौरस मीटरला चाळीसेक किलो भरतं, त्यामुळे वाऱ्याला ते उचलताना दोनदा विचार करावा लागतो. कौलाकौलांत फटी असतात; आतला आणि बाहेरचा दाब त्या फटींतून आपसांत समजुतीने मिटवतात. आणि वादळ फारच झालं तर कौलं एकेकटी उडतात. कौल हे स्वभावाने व्यक्तिवादी आहे. आढ्याजवळची वीस गेली, कडेची तीस गेली, तरी वासे आणि रिपा जागेवर राहतात; दुसऱ्या दिवशी माणूस वर चढून पन्नास कौलं बसवतो. पत्रा मात्र संघटनेत काम करतो. कडेचा एक निघाला की तो शेजारच्याला घेऊन निघतो, आणि मग कैच्यांसकट सगळं मंडळ एकमताने प्रस्थान ठेवतं.

तरीही कौलांकडे परत जा, असा सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवर बसून त्याला चालण्याचे फायदे सांगणं. कौलांना वासे लागतात. ऐन, किंजळ, फणस असं लाकूड लागतं. ते तासणारा सुतार लागतो, आणि त्या सुताराचा मुलगा आता लोटे-परशुरामच्या कारखान्यात पाळीवर असतो. दरवर्षी पावसाच्या तोंडावर छपरावर चढणारा हलका, धीट आणि स्वस्त माणूस लागतो. हे तिन्ही गुण एकत्र असलेला माणूस घराघरांत दुर्मीळ झाला आहे. आणि या सगळ्यावर माकडं. कोकणातल्या छपरांच्या इतिहासात अभियंत्यांपेक्षा माकडांचा वाटा मोठा आहे, हे कुणीतरी प्रबंध लिहून सिद्ध करायला हवं. वानरांची टोळी दुपारी कौलांवरून एकदा धावत गेली की आठवडाभराची शाकारणी फुकट. कौल काढून त्याखाली काय आहे हे पाहण्याची त्यांची जिज्ञासा तर कुठल्याही विद्यापीठाला भूषण वाटावी अशी. पत्र्यावर माकड नाचलं तर फक्त आवाज होतो. गावोगावच्या लोकांनी पत्रा निवडला तो काही अडाणीपणाने नव्हे. हिशेब करून निवडला. तेव्हा भांडण पत्र्याशी नाहीच. कौलांच्या छपरात जी अक्कल होती ती पत्र्यात उतरवायची राहून गेली, भांडण तिच्यावरून आहे.

त्या अकलेचा पहिला भाग म्हणजे उतार. कोकणातलं जुनं छप्पर तीस अंशांच्या आसपास उभं असायचं, कारण त्याहून सपाट केलं तर कौलं गळतात. योगायोग असा, की वाऱ्यालाही हाच कोन मानवतो. वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, ८७५ क्रमांकाचं, त्याच्या तिसऱ्या भागात बुटक्या इमारतींच्या उतरत्या छपरांसाठी एक तक्ता आहे. वारा पाख्यावर समोरून आला आणि उतार दहा अंशांचा असला तर त्या पाख्यावर ओढीचा गुणांक १.२ धरायचा, म्हणजे मघाचे ६८ किलो इथे ८२ होतात. उतार तीस अंशांचा असला तर गुणांक शून्य. पंचेचाळीस अंशांना तर वारा छप्पर खालीच दाबतो. वाऱ्याची दिशा बदलली की आकडे बदलतात, आढ्याच्या दिशेने वाहिला तर ओढ राहतेच, हे कबूल. पण पावसाळ्याचा वारा बहुतेक नैर्ऋत्येकडूनच येणार हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग दहा अंशच का? तर पत्रा वाचतो म्हणून. किती वाचतो ते पाहू. साडेतीन मीटर रुंदीच्या दुपाखी गोठ्यात दहाचे तीस अंश केले तर आढं सत्तर सेंटिमीटर वर जातं आणि प्रत्येक पाख्याला चोवीस सेंटिमीटर पत्रा जास्त लागतो. चोवीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. शंभर रुपयांच्या पत्र्यामागे चौदा रुपये. वीतभर पत्रा वाचवून अख्खं छप्पर वाऱ्याला दान करण्याचा हा व्यवहार, व्यवहारी म्हणून नावाजलेल्या जिल्ह्यात चालतो.

दुसरा भाग वळचणीचा. जुन्या छपराची वळचण भिंतीच्या दोन-अडीच फूट पुढे येऊन इतकी खाली झुकायची की आत जाताना माणूस आपोआप नम्र व्हायचा. शिवाय पावसाच्या बाजूला झापांच्या झडी बांधल्या जात. आजच्या शेडची वळचण भिंतीच्या बाहेर डोकावतही नाही. याचं कारण अभियांत्रिकीत शोधून सापडणार नाही. ते सात-बाराच्या उताऱ्यात आहे. जमिनीच्या वाटण्या होत होत भावाभावांतला गडगा गोठ्याच्या इतका जवळ आला आहे, की वळचण फूटभर पुढे काढली तर पागोळ्या चुलतभावाच्या हद्दीत पडतात. पागोळ्यांचं पाणी कुणाच्या जागेत पडावं हा रत्नागिरीत पाण्याचा प्रश्न नाही, घराण्याचा प्रश्न आहे. १८८२ सालापासून वहिवाटीच्या हक्कांचा कायदा आहे, आणि त्या कायद्यावर पोसलेले वकीलही आहेत. तेव्हा शहाणा माणूस वळचण आखूड ठेवतो, झड आत घेतो, गाय भिजवतो आणि दावा टाळतो. पुढे वादळात त्याचा पत्रा उडून त्याच चुलतभावाच्या कलमांत पडतो. पत्रा ज्याच्या छपरावरून गेला त्याचा, की ज्याच्या वाडीत उतरला त्याचा, की मोडलेल्या फांदीची भरपाई म्हणून जप्त, असा नवाच दावा उभा राहतो. वळचण वाढवली असती तर खटला पावसाचा झाला असता. न वाढवल्याने वाऱ्याचा झाला. खटला काही टळला नाही.

आता जमिनीकडे येऊ, कारण शेडचे पाय तिच्यात असतात. जांभ्याला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस बुकॅनन या साहेबाने मलबारात दिलं. त्याने पाहिलं, की हा दगड खाणीत ओला असताना लोखंडी हत्याराने कापता येतो आणि उघड्यावर राहिला की विटेसारखा कडक होतो. म्हणून विटेच्या लॅटिन शब्दावरून नाव. १८०७ साली पुस्तक निघालं. चिरेखाणीतल्या माणसांना हे आधीपासून माहीत होतं, पण त्यांचं पुस्तक निघालं नाही. या जांभ्याचा स्वभाव कोकणी माणसासारखा आहे: वरून कातळ, आत भोकं, आणि खोल गेलं तर मऊ. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिथे पाया खोल नेऊन त्या हालचालीपासून सुटका करून घ्यावी लागते. जांभा फुगत नाही. पण वरचा कातळ फोडायला जीवावर येतं, म्हणून खड्डा घेणारा वीतभर खणून ‘लागला कातळ’ असं विजयाने जाहीर करतो. भार खाली दाबत असता तर ते बरोबरच होतं. आपला भार वर जाणारा आहे. तिथे कातळ लागला याचा अर्थ काम संपलं असा होत नाही. कातळात भोक पाडून, सळई घालून, सिमेंटचा लगदा ओतून खांबाला त्या कातळाशी जखडायचं असतं. आणि उतारावर डोंगर कापून केलेल्या सपाटीवर गोठा असेल तर प्रकरण निराळं. भोकाभोकांतून झिरपलेलं पाणी खालच्या मऊ मातीवर अडतं आणि जुलैत कापलेल्या दरडीतून, कधीकधी गोठ्याच्या जमिनीतूनही, झरे फुटतात. अशा गोठ्यात २०० लिटरची पिण्याच्या पाण्याची टाकी ही शुद्ध औपचारिकता असते. त्याला जोतं उंच हवं, दरडीपासून लांब हवं आणि वरच्या अंगाला चर हवा. एवढं केलं तर झरा झऱ्याच्या वाटेने जातो.

जमिनीच्या घोटाईबद्दलही दोन शब्द. गवंड्याची सगळी कला घोटाईत असते. आरशासारखी जमीन केल्याशिवाय त्याला मजुरी घ्यायला लाज वाटते. दिवाणखान्यात ते शोभतं. गोठ्यात ओलं शेण पडलं की त्या आरशावर चारशे किलोंची म्हैस बर्फावरच्या खेळाडूसारखी चारी दिशांना पाय पसरते, पण तिला गुण कुणी देत नाही. खराट्याने ओढलेल्या खडबडीत रेघा आणि मूत्रनालीकडे थोडा ढाळ, एवढंच तिचं मागणं आहे; ते घोटाईपेक्षा स्वस्तही पडतं, आणि म्हणूनच बहुधा कुणाला सुचत नाही. खांबांचंही तसंच. लोखंडी पाइप थेट मातीत पुरला की वरून खारी हवा आणि खालून गोमूत्र अशा दोन्ही बाजूंनी त्याला अभिषेक होतो, आणि जमिनीलगत तो बरोबर कापल्यासारखा गंजतो. तोच पाइप फूटभर उंच काँक्रीटच्या पेडावर उभा केला तर वाचतो. पत्र्यावरच्या जस्ताचंही माप असतं: चौरस मीटरला १२० ग्रॅमपासून २७५ ग्रॅमपर्यंत. दुकानात मात्र गिऱ्हाईक रंग विचारतं. निळा की लाल, यावर घरात तीन दिवस चर्चा होते, आणि जस्त किती हा प्रश्न समुद्राच्या विवेकबुद्धीवर सोडला जातो.

‘एवढी कटकट कशाला, सरळ स्लॅबच टाकावा’ हा दुसरा आक्षेप. स्लॅब उडत नाही हे मान्य. पण रत्नागिरीत स्लॅबचं पुढे काय होतं हे कुठल्याही रस्त्यावरून दिसतं. दोन पावसाळ्यांत तो पाझरतो. तिसऱ्या वर्षी त्यावर रसायन ओततात. चौथ्या वर्षी निळी ताडपत्री. आणि पाचव्या वर्षी त्याच्या डोक्यावर उतरत्या पत्र्याची शेड उभी राहते. उतरतं छप्पर जुनाट म्हणून काढायचं, सपाट करायचं आणि मग त्या सपाटावर पुन्हा उतरतं छप्पर चढवायचं, असं हे उत्क्रांतीचं चक्र आहे. १९१० साली ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी ब्रिटिशांनी रत्नागिरीत जांभ्याचा राजवाडा बांधला, तेव्हा राज्य काढून घेतलेल्या कैद्यालाही उतरतं छप्पर द्यायला ते विसरले नाहीत. आपण मात्र आपल्याच घरात सपाट छपराखाली बादल्या मांडून बसतो. शिवाय स्लॅबवर चढवलेलं हे पत्र्याचं छप्पर जमिनीपासून आणखी दहा-बारा फूट उंच, म्हणजे जोरकस वाऱ्यात, आणि त्याचे खांब स्लॅबला चार बोल्टांवर टेकवलेले. शास्त्र माहीत नसतानाही वारा त्याची परीक्षा अचूक घेतो.

राहिला तिसरा आक्षेप: वादळं काय रोज येतात? गाईच्या शेडसाठी एवढा विचार म्हणजे म्हशीला मोत्यांची दावण. पण तारखा पाहा. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला किनाऱ्यालगत गेलं. निसर्ग २०२० च्या जूनमध्ये. तौक्ते २०२१ च्या मेमध्ये, म्हणजे निसर्गात गेलेल्या पत्र्यांचे पंचनामे अजून ताजे असताना. पहिल्या दोघांत साडेदहा वर्षं, पुढच्या दोघांत अकरा महिने. गोठा वीस-पंचवीस वर्षं टिकावा अशी अपेक्षा असेल तर त्याच्या आयुष्यात असा एखादा पाहुणा येणारच, हे धरून चालायला ज्योतिषी लागत नाही. आणि अंदाजपत्रक राज्यभर एकच असलं तर हिशेब तपासायला सोपं जातं, ही प्रशासनाची अडचणही खोटी नाही; प्रत्येक गावाला वेगळा नकाशा दिला तर तपासनीस वेडे होतील. पण राज्यात साठ प्रकारच्या हवा नाहीत. किनाऱ्याला एक, घाटमाथ्याला एक, देशावर एक, विदर्भाच्या उन्हाला एक, अशा चार-पाच नकाशांत काम भागतं. किनाऱ्याच्या नकाशात वीतभर पत्रा, अर्ध्या मीटरचे सहा ठोकळे, एक पन्हळ आणि एक चर जास्त. हे सगळं मिळून खर्च किती वाढेल यावर वाद घालता येईल; पण उडालेलं छप्पर पुन्हा घालण्याचा खर्च त्यात धरला तर वाद फार वेळ चालणार नाही.

तोपर्यंत एक बिनखर्चाची सुधारणा करता येईल. रोजगार हमीच्या कामाचे फोटो काढायचे असतात: काम सुरू होण्यापूर्वी, चालू असताना आणि पूर्ण झाल्यावर, जागेच्या अक्षांश-रेखांशांसकट. पूर्ण झाल्याचा फोटो बहुधा मार्चअखेर निघतो. आकाश निळं, पत्रा चकचकीत, गाय स्वच्छ धुतलेली, मालक खांबाला टेकून. हा फोटो मार्चऐवजी जुलैत काढावा. अमावस्येच्या आसपास, दुपारी तीनच्या सुमाराला, नैर्ऋत्येचा वारा असताना. अक्षांश-रेखांश तेच राहतील, शेड असलीच तर त्याच जागी असेल, २५० लिटरची टाकी भरून वाहत असेल. गाय तेवढी चौकटीत सापडणार नाही. ती दावं सोडवून केव्हाच समोरच्या बंद घराच्या पडवीत, कौलांखाली, डोळे मिटून रवंथ करत उभी असेल.